स्वतंत्र कंत्राटदारांच्या संघटनेत सभासदाचा ठराव: पात्रता, कागदपत्रे आणि मागणीपत्र परत येण्याची कारणे

स्वतंत्र कंत्राटदारांच्या व्यावसायिक संघटनेच्या कारभारावर साध्या सभासदाला प्रभाव टाकता येतो. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव मांडणे आणि कार्यकारिणी सभा बोलावत नसेल तर सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागणे, या दोन वाटा आहेत. अशी मागणीपत्रे तपासून देण्याचे काम करताना मला सतत दिसते, की परत येणाऱ्या बहुतेक पत्रांतील मागणी रास्त असते. ती सभेपुढे पोचण्याआधीच सही, नाव किंवा तारीख यांवर अडते. म्हणून पत्र कोणाच्या नावे लिहावे आणि कोठे द्यावे यात शब्द खर्च न करता (चिटणीसांच्या नावे, नोंदणीकृत कार्यालयात, पोच घेऊन) अडणाऱ्या जागांविषयीच लिहितो.

पहिली अडचण सभासदत्वाच्या वर्गाची असते. विमा योजनेबरोबर किंवा एखाद्या सवलतीबरोबर मिळालेले ओळखपत्र हातात असते, त्यावर ‘सभासद’ असे छापलेलेही असते, पण पोटनियमांत तो वर्ग ‘सहयोगी’ ठरवलेला असतो आणि त्याला मत नसते. हे बेकायदा असतेच असे नाही. अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या कायद्यानुसार भागभांडवल नसलेल्या संस्थेला मतदानाचा हक्क नसलेले सभासद ठेवता येतात. आपण अशा वर्गात असाल तर ठरावाच्या मसुद्यावर महिनाभर घालवण्याआधी वर्ग बदलून घेण्याचा अर्ज करावा. तशी सोय पोटनियमांत नसेल, तर वर्गणीचे नूतनीकरण करायचे की नाही, एवढाच निर्णय खऱ्या अर्थाने आपल्या हाती उरतो, आणि हे भरती करतानाच स्पष्ट न सांगणाऱ्या संघटना सभासदांवर अन्याय करतात असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण नावाची आहे, आणि ती या व्यवसायात फार आढळते. स्वतंत्र काम करणारे अनेकजण स्वतःची एकट्याची कंपनी काढून तिच्यामार्फत काम घेतात व वर्गणीही कंपनीच्या खात्यातून भरतात, त्यामुळे नोंदवहीत सभासद म्हणून कंपनीचे नाव लागते. मागणीपत्रावर मात्र ते स्वतःच्या नावाने सही करतात आणि कार्यालय ती सही ‘सभासदाची नाही’ म्हणून बाद करते. यावर उपाय म्हणजे कंपनीने सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव, अर्थात अधिकारपत्र, सोबत जोडणे. मालक, संचालक आणि सही करणारा एकच असताना असे पत्र कोणाजवळ तयार नसते, कारण स्वतःच स्वतःला अधिकार द्यावा लागेल हे कोणाच्या मनातही येत नाही. तरीही ते लिहावे, त्यावर तारीख घालावी, आणि ती तारीख मागणीपत्राच्या तारखेआधीची असावी.

पोटनियमांची चालू प्रत हे असेच दुर्मीळ कागदपत्र आहे. सभासद होताना मिळालेली प्रत बहुधा जुनी असते आणि मधल्या दुरुस्त्यांनी कलमांचे क्रमांक बदललेले असतात. मग मागणीपत्रात चुकीच्या कलमाचा हवाला दिला जातो आणि तेवढ्यावर बोट ठेवून पत्र परत येते. शेवटच्या दुरुस्तीसह प्रत लेखी मागावी. संघटना कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर निबंधकाकडे दाखल झालेली प्रत तेथूनही मिळते, त्यामुळे कार्यालयाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

सह्यांची संख्या संघटनेच्या नोंदणीच्या प्रकारानुसार बदलते. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यानुसार एकूण मतदानबळाच्या ५ टक्के सभासदांना सभा मागता येते. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार भागभांडवल नसलेल्या कंपनीत एक दशांश मतदानबळ लागते आणि ते मागणीपत्र पोचलेल्या दिवशीचे मोजले जाते. संस्था किंवा कामगार संघ म्हणून नोंदणी असेल तर त्या कायद्याची आणि पोटनियमांची संख्या पाहावी. समजा मत असलेले ६०० सभासद आहेत आणि ६० सह्या लागतात. उत्साहाने ६३ सह्या गोळा होतात, त्यांतील पाचजणांची वर्गणी थकलेली निघते, पोटनियम थकबाकीदाराचे मत स्थगित करतात, आणि हाती ५८ उरतात. म्हणून प्रत्येकाच्या वर्गणीची पावती सही घेतानाच पाहावी आणि आवश्यक संख्येपेक्षा निदान चौथाई सह्या जास्त घ्याव्यात.

मुदतीचा अर्थ लावताना होणारी चूक सर्वांत महागात पडते. वर उल्लेखिलेल्या दोन्ही कायद्यांत २१ दिवसांचा आकडा आहे, आणि सभासद समजतात की सभाच २१ दिवसांत झाली पाहिजे. प्रत्यक्षात तेवढ्या दिवसांत कार्यकारिणीने सभा बोलावण्याची कार्यवाही करायची असते. सभा भारतात मागणीपत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत आणि ब्रिटनमध्ये नोटिशीच्या तारखेपासून २८ दिवसांच्या आत घ्यायची असते. हे न पाहता पंधराव्या दिवशी चिडून स्वतःच सभा बोलावलेले गट मी पाहिले आहेत. त्या सभेतील ठराव साहजिकच टिकत नाहीत. नोटिशीचे दिवस मोजतानाही काळजी घ्यावी, कारण ते ‘पूर्ण दिवस’ असतात, म्हणजे नोटीस पोचल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मोजायचे असतात. २१ पूर्ण दिवसांची नोटीस १ तारखेला पोचली, तर सभा २२ तारखेला घेता येत नाही, २३ तारखेला घेता येते.

वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले की बोलू, असे ठरवून आलेल्यांची निराशा ठरलेली असते. अध्यक्षांच्या परवानगीने तेथे बोलता येते, परंतु विषयपत्रिकेत पूर्वसूचना नसलेल्या महत्त्वाच्या ठरावावर बंधनकारक मतदान सहसा होत नाही. ठरावाचा मजकूर, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह, नोटीस निघण्यापूर्वीच कार्यालयात पोचला पाहिजे.

आता मजकुराविषयी. सर्वांत जास्त येणारी आणि बहुतेक वेळा फेटाळली जाणारी मागणी म्हणजे ‘संघटनेने किमान दर ठरवावा आणि त्याखाली कोणी काम घेऊ नये’. या मागणीमागची ओढाताण मला समजते, पण कायद्याच्या नजरेत प्रत्येक स्वतंत्र कंत्राटदार हा स्वतंत्र व्यवसाय असतो आणि व्यवसायांनी संगनमताने दर ठरवणे स्पर्धा कायद्यात अडकते. सरकारी खर्चाने गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या वॉशिंग्टनमधील खासगी वकिलांनी शुल्कवाढीसाठी एकत्रितपणे काम नाकारले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ते स्पर्धाविरोधी ठरवले. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारितांच्या सामूहिक करारांना काही परिस्थितींत मोकळीक देणारी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, पण ती सर्वांना सरसकट लागू नाहीत. म्हणून दराऐवजी देयके वेळेवर मिळावीत यासाठी सरकारकडे पाठपुरावा, नमुना करारपत्र, कार्यकारिणीच्या खर्चाचा तपशील किंवा पदांची कालमर्यादा यांवर ठराव मांडावा. तसा ठराव अवैध म्हणून बाजूला सारणे कार्यालयाला फार अवघड जाते.

सभेला येऊ न शकणाऱ्यांच्या प्रतिनिधिपत्रांवर विसंबण्यापूर्वी पोटनियम पुन्हा उघडावेत. ब्रिटनच्या कायद्यात प्रतिनिधी नेमण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. भारतात भागभांडवल नसलेल्या कंपनीत पोटनियमांनी तशी तरतूद केली असेल तरच तो मिळतो. चाळीस प्रतिनिधिपत्रांचा गठ्ठा घेऊन आलेल्या एका सभासदाला दारातच ही गोष्ट कळली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे भाव मी अजून विसरलेलो नाही. नोटिशीत एक ओळ लिहून हे आधी सांगणे कार्यालयाला सहज शक्य होते.

वैध मागणीपत्र देऊनही कार्यकारिणी मुदतीत हालली नाही, तर या दोन्ही कायद्यांनुसार मागणी करणाऱ्या सभासदांना स्वतः सभा बोलावता येते. ती तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते, आणि हे महिने भारतात मागणीपत्राच्या तारखेपासून मोजले जातात. त्या सभेचा वाजवी खर्च कंपनीने भरून द्यायचा असतो, त्यामुळे सभागृहाच्या भाड्यापासून टपालाच्या तिकिटांपर्यंत प्रत्येक पावती मागणीपत्राच्या पोचेसोबत एकाच फाइलीत ठेवावी.