सिंक चालू आहे, मग बॅकअप कशाला?

"माझं सगळं ड्राइव्हवर असतं, बॅकअपची काळजी नाही." असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या फाइली खरोखरच क्लाउडवर असतात. फक्त त्याच्याकडे असतं सिंक आणि तो भरवसा ठेवतो बॅकअपचा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. इंटरनेटवरून फाइली वर चढतात, कोपऱ्यात ढगाचं चिन्ह येतं, काम झालं की बरोबरची खूण उमटते. काहीतरी हरवेपर्यंत दोघांतला फरक जाणवायचं कारणच पडत नाही.

सिंकचं काम एकच: तुमच्या सगळ्या उपकरणांवर एकच स्थिती ठेवणं. लॅपटॉपवर परिच्छेद बदलला की तो फोनवर बदलला पाहिजे, फोनवर फोल्डरचं नाव बदललं की टॅबलेटवरही बदललं पाहिजे. त्यासाठी सिंक शेवटचा बदल खरा मानतं. तो बदल शहाणपणाचा की वेडेपणाचा, हे त्याला कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. नवी फाइल, सुधारलेली फाइल, उडवलेली फाइल, सगळे त्याच्या लेखी हुकूमच, आणि सिंक पक्कं हुकमाचं ताबेदार.

बॅकअपचा स्वभाव उलटा. तो तुमच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. तुम्ही आज फाइल उडवलीत तरी त्याच्याकडे कालची असते, परवाची असते, चांगला लावला असेल तर मागच्या महिन्याचीही असते. डेटा उपकरणाकडून साठ्याकडे एकाच दिशेने जातो आणि परत आणायचा तर तुम्हाला मुद्दाम रिस्टोअर करावं लागतं. रोजच्या वापरात हे गैरसोयीचं वाटतं. पण ही गैरसोय आहे म्हणूनच एका चुकीच्या टिचकीने जुन्या प्रती जात नाहीत.

एक उदाहरण घेऊ. प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी आहे. फोनवर जागा संपत आली म्हणून ती 'जुने मसुदे' नावाचं फोल्डर फोनवरून उडवते. तिच्या मते ती फोन साफ करते आहे. सिंकच्या मते तिने फोल्डर उडवलं, सगळीकडून. लॅपटॉपवरूनही ते काही सेकंदांत जातं. अडीच महिन्यांनी मार्गदर्शक विचारतात की पहिल्या मसुद्यातला तो तक्ता कुठे गेला, आणि मग शोधाशोध सुरू होते.

इथे कुणी म्हणेल, "क्लाउडला कचरापेटी असते की!" असते, आणि ती खूपदा वाचवते. पण तिची मुदत बघा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ऑक्टोबर २०२० पर्यंत फाइल तुम्ही स्वतः ट्रॅश रिकामा करेपर्यंत पडून राहायची. तेव्हापासून ती ३० दिवसांनी आपोआप जाते. मायक्रोसॉफ्टच्या व्यक्तिगत वनड्राइव्हवरही ३० दिवस. ड्रॉपबॉक्सच्या मोफत आणि घरगुती योजनांत पुन्हा ३० दिवस. गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर गेलेला फोटो उडवला तर तो ६० दिवस राहतो, एवढाच काय तो दिलासा. आपल्या विद्यार्थिनीला पंचाहत्तराव्या दिवशी आठवण झाली.

फाइलच्या जुन्या आवृत्त्यांचंही असंच. वर्ड किंवा पीडीएफसारख्या चढवलेल्या फाइलींच्या आवृत्त्या गूगल ड्राइव्ह साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या इतक्याच ठेवतं. म्हणजे सिंक सेवांमध्ये बॅकअपचा अंश आहे हे मान्यच करायला हवं, दोघांमधली भिंत आता पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही. तक्रार आहे ती मुदतीबद्दल. फाइल गेल्याचं आपल्याला ती गेली त्या दिवशी कळत नाही, ती लागते त्या दिवशी कळतं. हिशेबाच्या तक्त्यात एका रकान्यावर चुकून दुसरा रकाना चिकटला तर वर्षअखेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येणार?

रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांची, गोष्ट याच जातीची आहे. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्रायसारखा प्रोग्राम फाइली कुलूपबंद करतो, तेव्हा सिंकच्या दृष्टीने तोही एक बदलच असतो आणि कुलूपबंद फाइली इमानेइतबारे वर चढतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्गणीदार अशा वेळी सगळं वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणापर्यंत मागे नेऊ शकतात. सोय चांगली आहे, फक्त मुदत संपण्याआधी लक्षात यायला हवं.

फोनवर गोंधळ जास्त का

खरी गुंतागुंत फोनवर आहे, कारण तिथे कंपन्यांनीच नावांची सरमिसळ केली आहे. गूगल फोटोजमधल्या बटणावर 'बॅकअप' लिहिलेलं असतं. पण त्याच ॲपमधून फोटो उडवला तर तो फोनवरून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. म्हणजे नाव बॅकअपचं, वागणं सिंकचं. त्याच ॲपमध्ये 'जागा मोकळी करा' असाही पर्याय आहे. तो फक्त फोनवरची प्रत काढतो, क्लाउडवरची ठेवतो. बरेच लोक हे बटण दाबून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्या क्षणापासून त्या फोटोची जगात एकच प्रत उरलेली असते, आणि एकुलत्या एका प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही, मग ती कितीही मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर असो.

ॲपलने निदान दोन वेगळी नावं ठेवली आहेत, पण त्यात एक गंमत आहे. आयक्लाउड फोटोज हे उघडउघड सिंक. आयफोनवर फोटो उडवला की आयपॅडवरून आणि मॅकवरूनही जातो, आणि 'नुकतेच हटवलेले' मध्ये सुमारे महिनाभर राहतो. आयक्लाउड बॅकअप ही निराळी गोष्ट. फोन चार्जिंगला लावलेला, लॉक केलेला आणि वायफायवर असताना तो सेटिंग, ॲपमधला डेटा, होम स्क्रीनची मांडणी वगैरेची प्रत घेतो. मात्र जे आधीच आयक्लाउडवर सिंक होतं, ते या बॅकअपमध्ये घेतलंच जात नाही. म्हणजे फोटो सुरक्षित राहावेत म्हणून आयक्लाउड फोटोज चालू केलंत, की त्याच कृतीने फोटो बॅकअपमधून बाहेर पडतात. दोन्ही बटणं हिरवी दिसतात, पण फोटोंना संरक्षण फक्त सिंकचं. मला विचाराल तर घरगुती वापरातली ही सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट आहे.

फोनच्या बॅकअपलाही मुदती आहेत. आयक्लाउड बॅकअप बंद केला तर आधीची प्रत १८० दिवस ठेवली जाते. अँड्रॉइडवर फोन ५७ दिवस वापरलाच नाही तर गूगल त्याचा बॅकअप पुसू शकतं. जुना फोन कपाटात टाकून "त्याचा बॅकअप आहे ना" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप खरा बॅकअप आहे, पण तुटपुंजा. अँड्रॉइडवर तो गूगल खात्यात जातो आणि प्रत्येक नवा बॅकअप आधीच्या जागी बसतो. महत्त्वाचं संभाषण रविवारी उडवलं आणि त्या रात्री बॅकअप झाला, तर सोमवारी क्लाउडवर मागितलं तरी ते मिळत नाही. फोनच्याच मेमरीत मागच्या साधारण सात दिवसांच्या प्रती असतात, त्याच काय त्या कामी येतील. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, म्हणजे ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे असते असा, चालू केला असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली नीट जपा, ती हरवली तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

नाव बॅकअप, फाइली हललेल्या

संगणकावर गूगलच्या एका प्रोग्रामचं नावच २०१७ पासून २०२१ पर्यंत 'बॅकअप अँड सिंक' होतं. त्यानंतर लोकांनी हे दोन्ही शब्द एका श्वासात म्हटले तर दोष कुणाला द्यायचा? विंडोज आजही डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचा वनड्राइव्हवर 'बॅकअप' घ्यायला सुचवतं. होकार दिला की होतं असं की ही फोल्डरं उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली जातात आणि तिथून सिंक होतात. पुढे कधी तो पर्याय बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसून पोटात गोळा येतो. फाइली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, पण ते कळेपर्यंत जीव टांगणीला.

याहून छुपी अडचण म्हणजे 'फाइल दिसते पण नाही' हा प्रकार. डिस्कवर जागा वाचावी म्हणून सिंक सेवा आता फाइलचं नुसतं नाव आणि चिन्ह संगणकावर ठेवतात, मजकूर क्लाउडवर असतो आणि उघडताना उतरतो. वनड्राइव्हवर हे २०१७ पासून आहे, आयक्लाउडवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' या नावाने. आता तुम्ही शहाण्यासारखं बाहेरची हार्ड डिस्क जोडून संगणकाचा बॅकअप घेतलात, तर या पोकळ फाइलींचा मजकूर त्यात येत नाही, कारण तो संगणकावर नव्हताच. उपाय साधा आहे. निदान एका संगणकावर सगळ्या फोल्डरांना 'नेहमी या उपकरणावर ठेवा' असं सांगायचं आणि बॅकअप त्याच संगणकाचा घ्यायचा.

आणि सगळ्या प्रती एकाच खात्यामागे असतील तर तो एकच दरवाजा. पासवर्ड विसरला, खातं गोठवलं गेलं, की सगळंच बंद. दोन वर्षं न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सेवेचं घोडंही कधी पेंड खातं: नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या एका आवृत्तीत काही वापरकर्त्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या.

सिंकची बाजूही मांडायला हवी. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, डिस्क मेली, तर सिंकच जास्त उपयोगी. दुसऱ्या संगणकावर लॉगिन केलं की पाच मिनिटांपूर्वी लिहिलेलं वाक्यही समोर. रात्री एकदा होणारा बॅकअप दिवसभराचं काम गमावू शकतो, आणि क्लाउडवरून पूर्ण रिस्टोअरला वेळ लागतो. ५०० जीबी डेटा ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला, वेग एकदाही न घसरता, २२ तास लागतात. यंत्र गेलं तर सिंक वाचवतं. चूक माणसाकडून झाली आणि उशिरा कळली, तर बॅकअपशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे यातलं कुठलं निवडू, या प्रश्नात मला फारसा अर्थ दिसत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम अजून कामाचा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. यात लोक सिंक झालेली तीन उपकरणं तीन प्रती म्हणून मोजतात. एका ठिकाणी उडवलं की तिन्हीकडून जात असेल तर ती फार तर दीड प्रत, असा माझा हिशेब. लॅपटॉपवरची फाइल, क्लाउडवरचं सिंक आणि मॅकच्या टाइम मशीनने किंवा विंडोजच्या फाइल हिस्टरीने भरलेली एक बाहेरची डिस्क, एवढ्यात घरगुती गरज भागते. टाइम मशीन २४ तासांच्या तासागणिक, महिनाभराच्या दिवसागणिक आणि त्यामागच्या आठवड्यागणिक प्रती ठेवतं, डिस्क भरेपर्यंत. डिस्क कायम जोडून मात्र ठेवू नका, नाहीतर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करेल. फोटो क्लाउडवरच असतील तर गूगल टेकआउट या खात्यातला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीत वर्षभर दर दोन महिन्यांनी प्रत तयार करायला सांगता येतं. उतरवून डिस्कवर ठेवायचं काम तेवढं तुमचं.

बॅकअप लावला की लोक तो चालतो असं गृहीत धरतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड कामी आली नाही. एक प्रकार तर बराच काळ अपयशी ठरत होता आणि तसं सांगणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. जिथे हे काम करायला माणसं नेमलेली असतात तिथली ही कथा.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते शोधायला तज्ज्ञ लागत नाही. एक बिनकामाची फाइल बनवा, ती सगळीकडे पोचू द्या आणि एका उपकरणावरून उडवा. दुसरीकडूनही गेली तर ते सिंक, मग सेटिंगमध्ये ती किती दिवस परत मिळते तो आकडा बघा. नंतर बॅकअपमधून तीन महिन्यांपूर्वीची एखादी खरी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये मागवा. मिळाली तर उघडूनही बघा, कारण पोकळ फाइलींची नावं यादीत अगदी व्यवस्थित दिसतात.