गेम, पिस्तूल आणि 220 मुलं

‘बंदुकीचे गेम खेळणारी मुलं खऱ्या बंदुकीला हात घालतात, विज्ञानाने सिद्ध!’ असे मेसेज अधूनमधून फिरत असतात. ‘विज्ञानाने सिद्ध’ असं वाचलं की मूळ आकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि या बाबतीत आकडे खरोखरच आहेत.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जस्टिन चँग आणि ब्रॅड बुशमन यांचा हा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 8 ते 12 वर्षांची मुलं, दोन-दोनच्या जोडीने. तीन गट, आणि कोण कुठल्या गटात हे केवळ योगायोगावर सोडलेलं. व्हिडिओ गेम सगळ्यांना माइनक्राफ्टच, वीस मिनिटं. पण एका गटाच्या गेममध्ये राक्षस बंदुकीने मारायचे, दुसऱ्यात तलवारीने, तिसऱ्यात मारामारीच नाही. मग मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडलं. तिथल्या कपाटात दोन खरी पिस्तुलं होती. ती निकामी केलेली होती आणि चाप किती वेळा ओढला हे मोजायची सोय त्यांत केलेली होती. खोलीत छुपा कॅमेरा.

पिस्तूल 220 मुलांना सापडलं. बंदूकवाल्या गटातल्या 76 पैकी 47 जणांनी त्याला हात लावला, तलवारवाल्या 74 पैकी 42 जणांनी आणि शांत गेमवाल्या 70 पैकी 31 जणांनी. म्हणजे साधारण 62, 57 आणि 44 टक्के. फरक डोळ्यांना दिसतो. पण तो गेममुळे पडला की निव्वळ योगायोगाने?

हा हिशेब मला फार आवडतो, म्हणून जरा थांबू. गेमचा काहीच परिणाम नाही, असं क्षणभर धरा. एकूण 220 पैकी 120 जणांनी हात लावला, म्हणजे 54.5 टक्के. तेच प्रमाण तिन्ही गटांत असतं तर 41, 40 आणि 38 मुलं अपेक्षित होती. मिळाली 47, 42 आणि 31. प्रत्येक तफावतीचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं, हात न लावणाऱ्यांसाठीही तेच करायचं आणि सगळ्याची बेरीज घ्यायची. याला काय-वर्ग चाचणी म्हणतात. माझी बेरीज 4.75 येते. तीन गट असताना इतकी किंवा याहून मोठी बेरीज गेमचा काडीचाही परिणाम नसताना शंभरातून सुमारे नऊ वेळा येऊ शकते. संशोधनात सहसा पाचाच्या आतला आकडा मागतात.

त्यातही एक मेख आहे. ही गणना 220 मुलं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरते. पण मुलं तर जोडीने होती! एकाने कपाटातून पिस्तूल काढलं की दुसरा ‘बघू, बघू, मला दे’ करणारच. जोडीतली दोघं अगदी एकसारखी वागली असं टोकाचं गृहीत धरलं, तर खरी माहिती 110 जणांइतकीच उरते. बेरीज निम्मी होते आणि ते शंभरातले नऊ थेट तीस होतात. सत्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असणार. जोडीचा असा परिणाम धरून चालणाऱ्या पद्धती संख्याशास्त्रात आहेत, पण त्यात शिरलो तर हा लेख संपायचा नाही.

हे सांगताना एक गोष्ट लपवता येणार नाही. चाप ओढण्याच्या बाबतीत फरक बराच मोठा होता: बंदूकवाल्या गटात दर मुलामागे सरासरी सुमारे दहा वेळा, बाकी दोन्हींत तीन-साडेतीन वेळा. स्वतःवर किंवा जोडीदारावर रोखून ओढण्याचे आकडे 3.4, 1.5 आणि 0.2. हे वाचून अंगावर काटा येतो. मात्र अशा मोजणीत एखाददुसरं मूल खटखट-खटखट करत सुटलं की अख्ख्या गटाचा आकडा वर चढतो, हेही ध्यानात असू द्यावं. शिवाय हा परिणाम गेमनंतर लगेचचा आहे. महिन्याभराने काय, ते यातून कळत नाही. ‘गेममुळे मुलं खुनी होतात’ हे तर या प्रयोगाने तपासलेलंच नाही. तसं ठासून सांगणारे आणि ग्रहणात जेवण विषारी होतं म्हणणारे, दोघांनाही पुरावा मागून पाहावा.

मला खरा धक्का बसला तो शांत गेमवाल्या गटाचा. बंदूक न पाहताही 70 पैकी 31! आणि हे काही नवं नाही. 2001 मध्ये अमेरिकेतच 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांवर असाच प्रयोग झाला होता, गेमचा कसलाही संबंध न ठेवता. दोन-तीन मुलग्यांचे एकूण 29 गट होते. 21 गटांना पिस्तूल सापडलं, त्यांतल्या 16 गटांनी ते हाताळलं आणि दहा गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे आधीच मिळालेले होते.

आता कायद्याकडे पाहू. अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 अशा बहुमताने रद्द केला. घरातली बंदूक मुलांच्या हाती लागू दिली तर मोठ्यांना जबाबदार धरणारे कायदे मात्र तिथल्या अनेक राज्यांत आहेत, आणि त्यांमुळे मुलांचे बंदुकीचे अपघात कमी होतात याला रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या आढाव्यात चांगला आधार सापडला आहे.