औषध विहिरीपर्यंत पोचते कसे: हिशेबाची पार्श्वभूमी

ऑगस्ट 1979 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, सफोक काउंटीतल्या विहिरींच्या पाण्यात ॲल्डिकार्ब सापडले. टेमिक नावाने विकले जाणारे हे दाणेदार कीटकनाशक बटाट्याच्या लागवडीतच सरीत पेरत. बनवणारी कंपनी युनियन कार्बाइड, पुढे भोपाळमुळे आपल्याला कायमची ठाऊक झालेली. औषध वरच्या थरातच मोडून जाईल, अशी अपेक्षा होती. पण तिथली जमीन वाळूची, आम्लधर्मी आणि लागवडीच्या हंगामात थंड, म्हणजे औषध टिकायला सगळेच अनुकूल. 8,404 विहिरी तपासल्या, तेव्हा 1,121 विहिरींत प्रमाण राज्याने सुचवलेल्या 7 पीपीबीच्या (अब्ज भागांत 7 भाग) वर निघाले. या भागाला पिण्यासाठी भूजलाखेरीज दुसरा आधार नाही, त्यामुळे घरोघर सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवाव्या लागल्या.

आधी विहिरी बिघडल्या, मग औषध किती झिरपेल याचा हिशेब करणारी प्रतिमाने (मॉडेल) नीट बसवली गेली. या विषयाचा क्रम असा उलटा आहे. 1984 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ‘पीआरझेडएम’ हे संगणकी प्रतिमान आणले. त्यातली माती म्हणजे एकावर एक ठेवलेले रांजण. वरचा धारणक्षमतेपर्यंत भरला की उरलेले पाणी खालच्यात. रोजचा पाऊस, बाष्पीभवन, मुळांनी घेतलेले पाणी वजा करत हिशेब खाली उतरतो.

औषध मात्र पाण्याच्या वेगाने उतरत नाही, मातीतल्या सेंद्रिय कर्बाला चिकटत उतरते. किती मागे पडते, ते काढायचे सूत्र सोपे आहे: मातीची घनता गुणिले चिकटण्याचा गुणांक (कर्ब जितका जास्त, तितका मोठा), भागिले ओलाव्याचे प्रमाण, अधिक 1. घनता 1.5, ओलावा 0.15 आणि कर्ब 0.5 टक्के धरला, तर ॲल्डिकार्ब पाण्याच्या सुमारे अडीचपट हळू जाते आणि क्लोरपायरीफॉस हे दुसरे कीटकनाशक 300 पट. नांगरटीखाली कर्ब 0.1 टक्क्यावर आला की ॲल्डिकार्बचा आकडा 1.3 होतो, म्हणजे ते जवळजवळ पाण्याबरोबरच चालते. तिथे जंतूही कमी, त्यामुळे मोडण्याचा वेग घटतो. वरच्या थराचे अर्धायुष्य खालपर्यंत तसेच वापरणे ही आजही सर्रास दिसणारी चूक.

1989 मध्ये गुस्टाफसन या संशोधकाने हे सगळे एका निर्देशांकात बसवले: अर्धायुष्याचा लॉग गुणिले (4 वजा कर्बगुणांकाचा लॉग). कर्बगुणांक म्हणजे औषध सेंद्रिय कर्बाला किती चिकटते तो आकडा. 2.8 च्या वर झिरपणारे, 1.8 च्या खाली न झिरपणारे. ॲट्राझिन या तणनाशकाचे अर्धायुष्य 60 दिवस आणि गुणांक 100 धरला, तर उत्तर साधारण 3.6. चाळणी म्हणून उत्तम, पण त्यात ना पाऊस आहे ना जमीन.

युरोपने 1980 मध्येच पिण्याच्या पाण्यात एका औषधाला लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. हा आकडा विषारीपणावरून काढलेला नव्हता. त्या काळी उपकरणाला जेमतेम दिसेल एवढे, म्हणजे व्यवहारात शून्य, असा त्याचा अर्थ. पुढे 2000 मध्ये तिथल्याच ‘फोकस’ या भूजलाच्या हिशेबपद्धतीने हांबुर्ग, सेव्हिला, पिआचेन्झा अशी नऊ ठिकाणे ठरवली आणि एक मीटर खोलीवरचे प्रमाण प्रतिमानाने काढायला घेतले.

रांजणांचा हिशेब फसतो तो भेगाळ जमिनीत. म्हणूनच स्वीडनमधले ‘मॅक्रो’ हे प्रतिमान पाण्याचे दोन प्रवाह वेगळे धरते: मातीच्या कणांमधून जाणारा आणि बिळे-भेगांतून थेट खाली पडणारा. महाराष्ट्राला हाच मुद्दा लागू. पावसाने ओढ दिली की काळी माती भेगाळते, मग एका जोरदार सरीत वरचे औषध चिकटायला सवड न मिळता मुरमापर्यंत पोचते. त्याखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या सांध्यांतून चालते, तिथे वाळूचे सरासरी वेग निरुपयोगी.

शिवाय एक वाट कोणत्याच झिरप-प्रतिमानात नसते: विहिरीच्या काठावर औषध कालवणे आणि फवारणी पंप तिथेच धुणे. उसा-मक्याच्या पट्ट्यात ॲट्राझिन सापडले, तर त्याचा मोडून झालेला डीईथिल-ॲट्राझिन हा अंशही मोजावा. अंशाचे प्रमाण मूळ औषधाहून बरेच कमी असेल, तर ते बहुधा मातीतून सावकाश झिरपलेले नाही. भेगेतून उतरले किंवा काठावरूनच सांडले. शेजारच्या विहिरी स्वच्छ निघाल्या, तर आधी पंप कुठे धुतात ते पाहावे.