कारण न सापडलेला पक्षाघात आणि पुढची वर्षे

पक्षाघात झालेल्या रुग्णाला घरी नेताना नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘पण हे झाले कशामुळे?’ मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन जे पक्षाघात होतात, त्यांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाला निश्चित उत्तर देता येत नाही. मानेतील धमन्या फारशा अरुंद झालेल्या नसतात, इसीजी सामान्य असतो, टू-डी एकोमध्येही काही आढळत नाही.

‘कारण अज्ञात’ या शेऱ्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. 1993 मध्ये मांडल्या गेलेल्या आणि आजही वापरात असलेल्या, पक्षाघाताचे कारणानुसार गट पाडणाऱ्या ‘टोस्ट’ वर्गीकरणात या एका शेऱ्याखाली तीन प्रकारचे रुग्ण येतात: ज्यांच्या सगळ्या तपासण्या होऊनही काही सापडले नाही ते, ज्यांच्यात दोन किंवा अधिक कारणे एकाच वेळी संभवतात ते, आणि ज्यांच्या तपासण्या पूर्णच झाल्या नाहीत ते. या तिघांना एकाच नावाने ओळखणे मला धोक्याचे वाटते, कारण तिसऱ्या रुग्णाचे कारण कदाचित एका साध्या तपासणीने कळले असते.

यातील पहिला गट अधिक काटेकोरपणे ओळखता यावा म्हणून 2014 मध्ये संशोधकांनी त्याची वेगळी व्याख्या केली. गुठळी दुसरीकडून वाहत येऊन मेंदूत अडकली आहे असे चित्र दिसते, पण ती कोठून आली ते कळत नाही, असे हे रुग्ण होत. त्यांचे सरासरी वय 65 च्या आसपास असते, म्हणजे पक्षाघाताच्या इतर अनेक रुग्णांपेक्षा ते तरुण असतात आणि त्यांचा पहिला झटकाही बहुधा सौम्य असतो. हात पुन्हा उचलता येतो, बोलणे स्पष्ट होते आणि घरच्यांना संकट टळले असे वाटू लागते. प्रत्यक्षात उपचार चालू असतानाही दर 100 रुग्णांपैकी सरासरी चार ते पाच जणांना दरवर्षी पुन्हा पक्षाघात होतो. हा धोका सुरुवातीच्या काळात अधिक असतो, पण नंतरही तो नाहीसा होत नाही.

मग अशा सर्वांनाच ॲस्पिरिनऐवजी रक्त गोठू न देणारी अधिक प्रभावी औषधे का देऊ नयेत? गुठळी हृदयातून येत असावी हा संशय रास्त होता, म्हणून या कल्पनेची मोठी चाचणी झाली. सात हजारांहून अधिक रुग्णांवरील रिव्हरॉक्सॅबॅन या अशाच एका औषधाची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण कमी झाले नाही, गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण मात्र वर्षाला 0.7 टक्क्यांवरून 1.8 टक्क्यांवर गेले, आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढच्या वर्षी डॅबिगॅट्रान आणि 2024 मध्ये ॲपिक्सॅबॅन या औषधांनीही ॲस्पिरिनवर मात केली नाही. अज्ञात कारण हे एकच नसून अनेक आहेत, हे या निराशाजनक निकालांवरून स्पष्ट झाले.

त्यांपैकी काही कारणे उशिरा उघड होतात. हृदयाच्या अलिंदांची, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांची, लय अधूनमधून बिघडते, तेव्हा तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. पण काही मिनिटांच्या इसीजीत हा बिघाड सापडेलच असे नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या त्वचेखाली लय नोंदवणारे छोटे यंत्र बसवलेल्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के जणांमध्ये तीन वर्षांत हा दोष आढळला, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात तो केवळ 3 टक्के जणांमध्ये सापडला. तीन वर्षांनी सापडलेला दोषच पहिल्या झटक्याला कारणीभूत होता असे खात्रीने म्हणता येत नाही, तरी त्यामुळे उपचारांची दिशा बदलू शकते.

साठीच्या आतील रुग्णांमध्ये आणखी एक शक्यता पाहावी लागते. गर्भावस्थेत दोन अलिंदांमध्ये असलेले छिद्र सुमारे एक चतुर्थांश लोकांमध्ये जन्मानंतरही पूर्ण बंद होत नाही. बहुतेकांना त्याचा काहीही त्रास नसतो, म्हणून ते सापडले म्हणजे कारण सापडले असे समजू नये. परंतु 2017 च्या एका चाचणीत हे छिद्र मोठे असलेले किंवा तेथील पडदा फुगलेला असलेले रुग्ण निवडले गेले, तेव्हा ते बंद केलेल्या 238 जणांपैकी एकालाही सुमारे पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात झाला नाही. केवळ ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्या 235 जणांपैकी 14 जणांना झाला.

आकड्यांत न मावणारा त्रासही असतो. पक्षाघातानंतर जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि अनेकांना महिनोन्‌महिने विलक्षण थकवा जाणवतो. चालणे-बोलणे पूर्ववत झालेल्या रुग्णाला हा थकवा कोणाला पटवून देणे कठीण जाते आणि कारणच न कळल्यामुळे पुढचा झटका केव्हा येईल ही भीती त्यात मिसळते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्याबरोबरच झोप, मनःस्थिती आणि थकवा यांची चौकशी प्रत्येक भेटीत व्हायला हवी, आणि ती झाली नाही तर रुग्णाने किंवा घरच्यांनी हा विषय आपणहून काढावा.