टायर बदलले आणि रेंज घटली, त्यात बॅटरीचा दोष किती?

पुण्यात इलेक्ट्रिक मोटारी नजरेत भरायला लागल्या त्या २०२०-२१ नंतर. त्या पहिल्या गाड्यांचे कंपनीतून आलेले टायर आता गोटा झाले आहेत, आणि नवे टाकून झाल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. "कालपर्यंत एका चार्जमध्ये अडीचशे किलोमीटर जात होती, टायर बदलले आणि सव्वादोनशेवर आली. बॅटरी उतरली बहुतेक." मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात, बॅटरीचा रिपोर्ट काढला जातो, तो व्यवस्थित येतो आणि मालकाचा संशय आणखी वाढतो. रोग चाकात असताना तपासणी मात्र बॅटरीची होते.

नव्या टायरने रेंज घटायला तीन कारणे आहेत. त्यातली दोन किरकोळ आहेत, ती आधी सांगून टाकतो.

गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. २१५/६० आर१६ हे माप घ्या. नेक्सॉन ईव्हीला हेच माप येते. या टायरची त्रिज्या साधारण ३३२ मिलिमीटर भरते. नव्या टायरवरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि ती १.६ मिलिमीटरवर आली की नियमाने टायर बाद. म्हणजे झिजलेल्या टायरची त्रिज्या जवळपास सहा मिलिमीटरने, सुमारे पावणेदोन टक्क्यांनी कमी झालेली असते. तेवढ्याच रस्त्यावर ते चाक जास्त फेरे घेते आणि डॅशबोर्ड जास्त किलोमीटर दाखवतो. जुन्या अडीचशे किलोमीटरमधले चारेक किलोमीटर गाडी खरोखर धावलेलीच नव्हती.

दुसरे कारण त्याच नक्षीचे. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात जेवढे जास्त रबर दबेल तेवढी ऊर्जा जास्त जाते. टायर झिजत जातो तसतसा तो हलका पळू लागतो. तुम्ही तुलना करता ती जुन्या टायरच्या सर्वांत काटकसरी दिवसांची नव्या टायरच्या सर्वांत खर्चिक दिवसांशी.

तिसरे कारण म्हणजे रबर स्वतः. या लेखाचा खरा विषय तोच.

रबरी चेंडू छातीच्या उंचीवरून सोडला तर तो पुन्हा छातीपर्यंत येत नाही, थोडा खालीच थांबतो. जी उंची कमी पडली तिची ऊर्जा रबरात उष्णता होऊन मुरली. रबराच्या लांबच लांब रेणूसाखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. दाबल्यावर त्या सरकतात, सोडल्यावर परततात, पण परतताना थोड्या रेंगाळतात. दाबायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी परत मिळत नाही. या तुटीला हिस्टरेसिस म्हणतात. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे गेला की पुन्हा गोल होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना आपल्या उदाहरणातले चाक सेकंदाला साधारण साडेदहा फेरे घेते, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला दहा-अकरा वेळा दबतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी थोडी तूट. या सगळ्या तुटींची बेरीज म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स.

ही बेरीज किती होते ते शाळेतल्या गणिताने काढता येते. माणसांसकट गाडीचे वजन १६०० किलो धरू. मोटारीच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक साधारण ०.००७ ते ०.०१२ या पट्ट्यात असतो. कंपनीने गाडीबरोबर दिलेला टायर ०.००८ चा होता आणि तुम्ही घेतलेला ०.०११ चा निघाला, असे समजा. फरक ०.००३. वजनाचे बल सुमारे १५,७०० न्यूटन, त्याला ०.००३ ने गुणले की ४७ न्यूटन. हे जादा बल शंभर किलोमीटरभर ओढायला ४७ लाख जूल, म्हणजे १.३ युनिट वीज चाकापाशी लागते. मोटर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीतून जवळपास दीड युनिट. अशी गाडी शंभर किलोमीटरला १४ युनिट घेत असेल तर खर्च दहा टक्क्यांनी वाढला. अडीचशेमागे बावीस-पंचवीस किलोमीटर गेले, आणि बॅटरीला धक्काही लागलेला नाही.

पेट्रोलच्या गाडीतही हे होत होतेच, पण इंजिन बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकत असल्याने टायरची चोरी त्या गर्दीत दिसत नसे. इलेक्ट्रिक गाडीत बाकीची गळती इतकी कमी आहे की टायरची लगेच डोळ्यात भरते. म्हणूनच गाडी बनवणाऱ्या कंपन्या मूळ टायर फार काटकसरी निवडतात.

मग सगळ्यांनीच सर्वांत कमी हिस्टरेसिसचे रबर का वापरू नये? कारण रस्त्यावर टायर धरून ठेवतो तोही हिस्टरेसिसच. डांबरी रस्ता सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. ब्रेक दाबल्यावर रबर त्या खडीवरून किंचित घसरते, प्रत्येक टोकावर दबते आणि पलीकडे सुटते. सुटताना ते रेंगाळले, तर टोकाच्या पुढच्या बाजूला दाब जास्त आणि मागच्या बाजूला कमी राहतो, आणि या फरकातून गाडीला मागे ओढणारे बल तयार होते. रस्ता कोरडा असेल तर रबर आणि दगड यांच्या रेणूंमधले आकर्षणही मदतीला येते. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर ते आकर्षण तोडतो आणि मुख्य भिस्त हिस्टरेसिसवर येते. अजिबात ऊर्जा न खाणारे आदर्श रबर बनवले, तर रेंज उत्तम मिळेल आणि पावसात कात्रजच्या उतारावर गाडी थांबवणे अवघड होईल.

मला या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती या पेचातून काढलेली वाट. दोन्ही कामांत रबर दबते, पण दबण्याचा वेग सारखा नसतो. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-अकरा वेळा दबते. ब्रेक लावताना रबर सेकंदाला एक मीटर वेगाने घसरते आहे आणि खडीचे उंचवटे एक मिलिमीटर अंतरावर आहेत असे धरले, तर ते सेकंदाला हजार वेळा दबते. उंचवटे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके असतील तर एक लाख वेळा. म्हणजे आपल्याला असे रबर हवे की जे दहा हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा वेळा दबताना, ऊर्जा खाणार नाही आणि हजार ते लाख हर्ट्झला भरपूर खाईल.

लाख हर्ट्झला रबर दाबून पाहणारे यंत्र बनवणे सोपे नाही. पण रबराच्या साखळ्यांना वेग वाढणे आणि तापमान उतरणे हे एकसारखेच जाणवते, कारण दोन्हींत त्यांना सरकायला पुरेशी सवड मिळत नाही. या नात्याचे समीकरण विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ साली मांडले. त्याचा आधार घेऊन टायरचे रसायनतज्ज्ञ दोन्ही मोजमापे दहा हर्ट्झच्या आसपासच करतात, तापमान तेवढे बदलतात. रबराने खाल्लेल्या ऊर्जेचे साठवलेल्या ऊर्जेशी असलेले प्रमाण म्हणजे टॅन डेल्टा. ६० अंश सेल्सिअसला हा आकडा लहान असेल तर रेंज चांगली, शून्य अंशाला मोठा असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड चांगली. एकाच आलेखाचे एक टोक खाली दाबायचे आणि दुसरे वर उचलायचे, असे हे काम आहे.

ते जमले सिलिकामुळे. टायर काळा असतो कारण मजबुतीसाठी रबरात कार्बन ब्लॅक मिसळतात. त्याचे कण एकमेकांना धरून जाळे करतात, प्रत्येक फेऱ्यात ते जाळे तुटते आणि पुन्हा जुळते, आणि त्यात ऊर्जा जाते. सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ पण अतिसूक्ष्म रूपात, त्याच्या जागी घालता येतो. अडचण अशी की सिलिकाला पाणी प्रिय आणि रबर तेलकट, त्यामुळे दोघे नीट मिसळत नाहीत. सिलेन नावाची संयुगे एका टोकाने सिलिकाला आणि गंधकाच्या दुसऱ्या टोकाने रबराला रासायनिक बंधाने जोडतात. कण साखळ्यांना बांधले गेले की त्यांचे आपसांतले जाळे विरळ होते आणि ६० अंशाची तूट उतरते, ओली पकड मात्र टिकते. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने असे टायर १९९२ च्या सुमारास बाजारात आणले. सिलिकातून वीज वाहत नाही, त्यामुळे गाडीवरचा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरावा म्हणून अशा टायरमध्ये कार्बनयुक्त रबराची एक अरुंद पट्टी नक्षीतून आरपार ठेवतात.

आता दुकानात जाऊ. नाना पेठ असो वा चिंचवड, काउंटरवर पहिला प्रश्न असतो, "ईव्हीचा टायर दाखवू?" अपोलोचा अँपेरियन, सिएटचा एनर्जीड्राइव्ह असे खास टायर मिळतात आणि ते वाईट नाहीत. पण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, ईव्ही लिहिले म्हणून रबरात अमुक असलेच पाहिजे, असे काही नाही. त्या दोन अक्षरांसाठी जादा पैसे देण्याआधी आकडे विचारा. रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज यांचे भारतीय मानक एआयएस-१४२ आहे. ही मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आपल्या पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवरच आहे. फ्रिज-एसीवर असतात ते बीईईचे तारे टायरलाही मिळतात, पण ते ऊर्जा वाचवण्याचे तारे आहेत. पाच तारे पाहून ओल्या रस्त्यावर टायर कसा थांबेल हे कळत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी रोज कोथरूड ते हिंजवडी एवढीच धावते त्याने पकड आधी पाहावी, रेंज नंतर. वर काढलेला दीड युनिटाचा फरक चाळीस हजार किलोमीटरमध्ये सुमारे ६०० युनिट होतो. दहा रुपयांचा दर धरला तर ६,००० रुपये. इथे चार महिने रस्ते ओले असतात, त्या चार महिन्यांसाठी ही रक्कम मला जास्त वाटत नाही. दर आठवड्याला कोल्हापूर किंवा नाशिक गाठणाऱ्याचे गणित वेगळे असेल, त्याने दोन्ही आकडे चांगले असलेल्या टायरसाठी खिसा थोडा सैल करावा.

लोड इंडेक्समध्ये मात्र तडजोड नको. मापानंतरच्या ९५एच मधला ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. त्याच मापाचा एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, टायर ९९ चा मिळतो, तो ७७५ किलो पेलतो, पण त्यासाठी त्यात हवाही जास्त भरावी लागते. वजन पेलते ती हवा, रबर तिला फक्त कोंडून ठेवते. बॅटरीमुळे गाडी त्याच वर्गातल्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोंनी जड असते, म्हणून दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा कमी इंडेक्सचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. उत्पादनाची तारीखही पाहा. २३२५ असा चार आकडी ठसा असेल तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला.

नायट्रोजनचा आग्रह होईल. "उन्हात दाब वाढत नाही" हे त्यामागचे विधान चुकीचे आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाने दाब वाढण्याचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. ३५ पीएसआय भरलेला टायर २० अंशांवरून ४० वर गेला की दाब सुमारे साडेतीन पीएसआयने वाढतो, आत काहीही असो. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून थोडा हळू झिरपतो, एवढाच काय तो फायदा. चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडण्याची पद्धतही मला पटत नाही. ज्या भीतीपोटी ते केले जाते ती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय प्रेशर गेजमध्ये आहे. पाण्यावर टायर तरंगू लागण्याच्या वेगाचे एक ढोबळ सूत्र नासाच्या १९६० च्या दशकातल्या विमान-टायरांच्या प्रयोगांतून मिळाले आहे. पीएसआयमधल्या दाबाचे वर्गमूळ घ्यायचे आणि १६.७ ने गुणायचे. ३५ पीएसआयला ताशी ९९ किलोमीटर येतात, २५ ला फक्त ८३. नक्षीला उपसता येणार नाही इतके पाणी साचले असेल तेव्हा हे लागू पडते. एक्सप्रेसवेच्या सपाट भागात मोटारींना शंभरची मर्यादा आहे, तेव्हा जुलैत हवा किती महत्त्वाची ते यावरून दिसेल.

दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर पुढची चाके फिरवते आणि रीजनचे ब्रेकिंगही (गाडीचा वेग उतरवताना मोटरने बॅटरी भरणे) तीच चाके करतात, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात आणि मेकॅनिक नवे पुढेच बसवायला निघतो. पण ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा आवाक्यात येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिथून सावरणे सराईत चालकालाही कठीण असते.

शेवटच्या दोन गोष्टी टायरवाल्याला आधीच सांगा. गाडीच्या पोटाखाली बॅटरी आहे, जॅक फक्त कंपनीने दाखवलेल्या जागीच लागला पाहिजे. आणि टायरच्या आत फोम असेल तर तोही सांगा. चाकातली हवा या मापात साधारण २०० हर्ट्झला घुमते, इंजिनाचा आवाज नसल्याने ते घुमणे आत ऐकू येते, म्हणून काही टायरमध्ये फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. त्याला आतून पॅच मारायचा असेल तर तेवढ्या जागेचा फोम आधी कापून काढावा लागतो.