डेटाबेस सुरक्षा : मुक्तस्रोत व व्यावसायिक प्रणाली

साठवलेल्या माहितीचे अनधिकृत वाचन, फेरफार व चोरी रोखण्यासाठी डेटाबेस प्रणालीत ओळख-पडताळणी, अधिकारवाटप, एन्क्रिप्शन (माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कूटबद्ध करणे) आणि ऑडिट (कोणी काय केले याची नोंद) या यंत्रणा असतात. पोस्टग्रेस्क्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) आणि ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या व्यावसायिक प्रणालींत खरा फरक आहे तो या यंत्रणा मूळ प्रणालीतच मिळतात, वेगळ्या परवान्याने विकत घ्याव्या लागतात की बाहेरून जोडाव्या लागतात, एवढाच.

अधिकारवाटपात दोन्ही बाजू आता जवळपास सारख्या आहेत. वापरकर्त्याला कोष्टकातील ठरावीक ओळीच दिसाव्यात ही सोय ओरॅकलने १९९९ मध्ये ८आय आवृत्तीत आणली. पोस्टग्रेस्क्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या दोघांतही ती २०१६ मध्ये आली.

एन्क्रिप्शनमध्ये मात्र तफावत ठळक आहे. डेटाबेसच्या फायली डिस्कवर आपोआप कूटबद्ध ठेवणारी पद्धत ओरॅकलमध्ये २००५ पासून आहे, परंतु स्वतःच्या सर्व्हरवर ती वापरण्यास वेगळा परवाना लागतो. एसक्यूएल सर्व्हरने ती २००८ मध्ये केवळ एंटरप्राइझ आवृत्तीत दिली आणि स्टँडर्ड आवृत्तीत यायला २०१९ उजाडले. मारियाडीबीत ती २०१५ पासून विनामूल्य आहे. पोस्टग्रेस्क्यूएलच्या मूळ प्रणालीत मात्र ती नाही. तेथे ऑपरेटिंग सिस्टीमचे डिस्क-एन्क्रिप्शन किंवा निवडक स्तंभांसाठी पीजीक्रिप्टो हे जोड-मॉड्यूल वापरतात. फायली कूटबद्ध ठेवण्याची पद्धत डिस्क चोरीला गेल्यास माहिती वाचवते. रीतसर लॉगिन केलेल्याला माहिती उघडीच दिसते, हे पुष्कळदा विसरले जाते. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘ऑलवेज एन्क्रिप्टेड’ या सोयीमध्ये किल्ली वापरकर्त्याच्या बाजूला राहत असल्याने सर्व्हरच्या व्यवस्थापकापासूनही माहिती झाकता येते.

ऑडिटची सोय ओरॅकल व एसक्यूएल सर्व्हरमध्ये अंगभूत आहे. मायएसक्यूएलचे अधिकृत ऑडिट सशुल्क आवृत्तीत मिळते, तर पोस्टग्रेस्क्यूएलला पीजीऑडिट हे विस्तार-मॉड्यूल जोडावे लागते.

कोड सर्वांसमोर असल्याने दोष लवकर सापडतात हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण दुरुस्तीचा कोडही हल्लेखोराला वाचता येतो. म्हणूनच २०१३ मध्ये एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत पोस्टग्रेस्क्यूएलच्या सार्वजनिक कोड-भांडारात नवे बदल दाखवणे तात्पुरते थांबवण्यात आले. ओरॅकल आपल्या दुरुस्त्या दर तिमाहीला देते. मात्र पॅच (अशी दुरुस्ती) निघणे आणि ती बसवली जाणे यांत अंतर राहते: जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर या वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) एसक्यूएल सर्व्हर २००० मधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील पॅच जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती.