पिंपात जपलेला उजेड

थंडीत कधी कधी देवगड-रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर रात्री लाट फुटते ती निळी उजळूनच. हा उजेड नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा. पाणी ढवळलं की त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन हे रसायन आणि ल्युसिफरेज हे विकर मिळून प्रकाश देतात. तो पाहायला लोक लांबून येतात, यावंच. पण समुद्री जीवांच्या उजेडाने सूक्ष्मदर्शकाचं नशीब कसं पालटलं, हेही किनाऱ्यावरच्या शाळांमधून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

1961 साली जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एका जेलीफिशचा अभ्यास करत होते. फुकट गेला म्हणून अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला, आणि बेसिन निळं झळाळलं. तिथे समुद्राचं पाणी येत होतं. त्यातल्या कॅल्शियमने अर्कातलं एक प्रथिन उजळलं, त्याची ही करामत. त्याच जेलीफिशमध्ये निळा प्रकाश घेऊन हिरवा सोडणारं दुसरं प्रथिनही मिळालं: जीएफपी, म्हणजे ग्रीन फ्लुओरोसेंट प्रोटीन. 1994 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक जिवाणूंत आणि सूत्रकृमींत घातलं, तर तेही हिरवे चमकले. जिवंत पेशीतल्या हव्या त्या प्रथिनाला जीएफपीची जोड देऊन ते आता पेशी न मारता पाहता येऊ लागलं.

मला खरं नवल वाटतं ते जीएफपीच्या घडणीचं. 238 अमिनो आम्लांची साखळी पिंपासारखी वळते आणि आत मधोमध तीन आम्लं जुळून प्रकाश देणारा गाभा तयार होतो. हाच गाभा सुटा करून पाण्यात टाका, जवळजवळ विझतो! असं का, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तिथे संगणकीय रसायनशास्त्र लागतं. वॉर्शेल आणि लेविट या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये मांडलेली युक्ती अशी: गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब क्वांटम यांत्रिकीने, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांनी, करायचा, भोवतालचे हजारो अणू मात्र स्प्रिंगने जोडलेले गोळे समजायचे. शास्त्रज्ञ मार्टिन कारप्लस यांच्यासह त्यांना 2013 चं नोबेल मिळालं. अशा गणितांतून उलगडलं ते हे, की सुटा गाभा ऊर्जा मिळताच पिळवटतो आणि ती उष्णता होऊन जाते. पिंपात पिळवटायला जागाच नाही, म्हणून ती प्रकाश होऊन बाहेर पडते.

पिंपातलं एखादं आम्ल बदललं तरी रंग बदलतो. कोणतं बदलावं, याचा अंदाज आता आधी संगणकावर घेता येतो. लाल रंगाकडे ओढा जास्त आहे, कारण रक्तामांसातून लाल प्रकाश हिरव्यापेक्षा खोलवर जातो.